प्रकरण चौदावं : शाळेचं मंत्रिमंडळ

सातवीच्या पोरांनी समोसे परत करायला साफ नकार दिला, तेव्हा ज्योत्स्नाला पहिल्यांदा वाटलं, की आपण नागरिकशास्त्र जरा जास्तच मन लावून शिकवलं.

"मॅडम, खाल्ला तो खाल्ला," बिरजू उभा राहून म्हणाला. त्याच्या ओठाला अजून चटणी होती. "मत तं गुप्त रायते. तुमीच सांगतलं होतं. समोसा रश्मीकाकूचा खाऊ अन् मत आमच्या मनानं देऊ."

"अन् दोन्हीकडचा खाल्ला तं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"तं मंग लय विचार करून देऊ."

वर्ग खिदळला. ज्योत्स्नाला हसता आलं नाही. समोसे वाटणारी रश्मी तिची सख्खी जाऊ होती आणि वाटण्याचं कारण होतं रश्मीचा मुलगा आदेश. तो शाळेच्या मुख्यमंत्रिपदाला उभा होता. त्याच्याविरुद्ध उभी होती दिव्यानी, ज्योत्स्नाची स्वतःची मुलगी. दोघंही नववीत, एकाच बाकाच्या दोन टोकांवर बसणारी. आणि निवडणूक अधिकारी होती ज्योत्स्ना, कारण शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी ती एकटीच. समोशांची टोपली तिनं स्टाफरूममध्ये जप्त करून ठेवली आणि मधल्या सुट्टीत पाहिलं, तर टोपली रिकामी. शिक्षकांनीही बहुधा लय विचार करून मत द्यायचं ठरवलं होतं.

खरं तर या निवडणुकीत एवढं काही नव्हतं. वरून परिपत्रक आलं होतं, की शाळांनी 'करिअर व समाजजीवन सप्ताह' पाळावा आणि विद्यार्थ्यांना उद्याच्या जगासाठी तयार करावं. मुख्याध्यापक हेमराज नाकतोडे यांनी कामाची वाटणी केली. करिअर स्वतःकडे घेतलं, समाजजीवन बायकोकडे, म्हणजे ज्योत्स्नाकडे दिलं. करिअरसाठी त्यांनी वडशाच्या एका नाटक कंपनीकडून कपडे भाड्यानं आणले. म्हणजे शेवटच्या दिवशी प्रत्येक मूल आपल्या भावी व्यवसायाच्या वेषात व्यासपीठावर येणार होतं. डॉक्टरचे कोट भरपूर मिळाले. पोलीस मिळाले, पायलटही एक मिळाला. कलेक्टरचा पोशाख कंपनीकडे नव्हता, म्हणून त्यांनी प्रधानजींचा पाठवला, जरीच्या पगडीसकट. शेतकऱ्याचा पोशाख कुणी मागितलाच नाही. धानकापणीच्या दिवसांत अर्धी शाळा तसल्याच कपड्यांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात राबत होती.

समाजजीवनासाठी ज्योत्स्नानं शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. अर्ज, प्रचार, गुप्त मतदान, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि मग दिवाळीत, आंगणात दिवे लागत असताना, तिच्या सासऱ्यांनी त्यात काडी टाकली.

लटारू नाकतोडे हे त्या शाळेचे संस्थापक. शाळेला नावही त्यांचंच होतं, आणि जिवंतपणी स्वतःच्या नावाच्या कमानीखालून रोज जाणारे तालुक्यात ते एकटेच असावेत. ऐंशी पार झाल्यावर संस्थेचं अध्यक्षपद आता पोरांकडे द्यायचं, असं ते बोलू लागले होते. पोरं दोन. थोरला हेमराज मुख्याध्यापक, धाकटा सुनिल गावचा सरपंच. दोघांनाही ती खुर्ची हवी होती आणि दोघंही 'बाबा, तुमीच राहा' म्हणत होते.

"पोट्ट्याइची निवडणूक होऊन जाऊ द्या," म्हातारे म्हणाले होते. "गाव कोणाच्या मांगं आहे थे दिसंल. मंग पाहू खुर्चीचं."

त्या रात्रीपासून ती निवडणूक पोरांची राहिली नाही. सुनिलनं चौकात आदेशचा फ्लेक्स लावला. त्यात आदेश लहान आणि सुनिल मोठा होता. हेमराजनं परिपाठाच्या वेळी 'अभ्यासू नेतृत्व' या विषयावर सलग बोलायला सुरुवात केली आणि दिव्यानीचं भाषण स्वतः लिहून दिलं. 'मी डॉक्टर होऊन या मातीची सेवा करीन,' असा त्याचा शेवट होता. एकाच स्लॅबच्या घरात दोन चुली होत्याच. आता मधल्या दाराला कडीही लागली. रश्मी बाहेरच्या नळावर भेटली की आभाळाकडे बघायची.

दिव्यानीचं भाषण शुक्रवारी होतं. त्याआधी सोमवारी पिंकी पडली.

पिंकी आठवीतली, शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून चालत येणारी, गणितात सगळ्या शाळेच्या पुढे. ब्रह्मपुरीहून आलेले एक पाहुणे 'मीच होणार डॉक्टर' या विषयावर व्याख्यान देत होते. मोठी स्वप्नं बघा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि पिंकी उभ्या जागी कोसळली. ज्योत्स्नानं तिला कार्यालयात आणून निजवलं, तोंडावर पाणी मारलं.

"काय खाल्लं होतं सकाळी?"

"खाल्लं होतं, मॅडम. पाणी नाई पेली."

"का नाही प्यालीस?"

पिंकीनं दाराकडे पाहिलं. हेमराजसर बाहेर पाहुण्यांना नारळ देत होते. "पाणी पेलं की जा लागते," ती हळूच म्हणाली. "अन् जाले जागाच नाई. संडासाले तं कुलूप रायते."

मग तिनं जे सांगितलं ते फार काही नवं नव्हतं. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. ज्यांचं घर जवळ आहे त्या मधल्या सुट्टीत पळतात. टोल्यावरच्या मुली पाळीच्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. म्हणून पिंकीची हजेरी कमी भरली आणि शिष्यवृत्तीच्या वर्गातून तिचं नाव गळालं. मूत्रपिंडाचं कार्य तिला तोंडपाठ होतं. विज्ञानाच्या चाचणीत तिनं त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं हे ज्योत्स्नाला ठाऊक होतं. अधिकारी येणार असले की ते उघडतं, हेही. पण तिचं घर शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून होतं. गरज पडली की ती घरी जाऊन यायची, बाकीच्या शिक्षिकाही तिच्याकडेच यायच्या, जाताना चहाही घ्यायच्या. कुलपाची आठवण यावी असं कधी काही घडलंच नव्हतं.

कार्यालयाच्या दारात दिव्यानी उभी होती. किती वेळापासून, ते कळलं नाही.

शुक्रवारी परिपाठाला ती माइकसमोर आली आणि हेमराजनं लिहिलेला कागद तिनं घडी करून खिशात घातला.

"मी डॉक्टर होईन का, थे मले माहीत नाई," ती म्हणाली. "पण मुख्यमंत्री झाली तं पोरीइच्या संडासाचं कुलूप काढीन. कुलूप काढून भागणार नाई, तिथी पाणी पाह्यजे. पाणी पंचायतीनं द्याचं आहे. म्हणजे एक अर्ज पप्पाले अन् एक काकाले. मले निवडून द्या, दोन्ही अर्ज मी सोता घेऊन जाईन."

मुलींच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. हेमराजसरांनी राष्ट्रगीत आधीच झालेलं असतानाही पुन्हा राष्ट्रगीताची सूचना दिली.

संध्याकाळी म्हाताऱ्यांनी सगळ्यांना बाहेरच्या पडवीत बोलावलं. मधल्या दाराची कडी त्यासाठी काढावी लागली. सुनिल आला तो हसतच. चिवड्याची ताटली त्यानं मांडीवर घेतली.

"पाह्य ना दादा, तुही पोरगीच तुया इरोधात! मी तं काई बोललोच नाई."

"तिथं पाणी नाई म्हणून कुलूप आहे," हेमराज म्हणाला. "पाण्याबिगर उघडं ठेवलं तं घाण होईल. आता पाणी काऊन नाई, थे तू सांग, सरपंच."

सुनिलचं हसू थोडं आखडलं. शाळेत नळ बसवून झाल्याचं पंचायतीच्या कागदावर होतं. त्या नळाचं उद्‌घाटनही झालं होतं. हार घातलेला सुनिल तोटी फिरवतो आहे आणि पाण्याची धार पडते आहे, असा फोटो पंचायतीच्या भिंतीवर लागलेला होता. भिंतीच्या पलीकडे पंचायतीचा शिपाई डोमा बादली आणि नरसाळं घेऊन उभा होता, ते फोटोत आलं नव्हतं.

"उद्या तालुक्याच्या तपासणीवाल्या मॅडम येऊन राह्यल्या," रश्मी मध्येच म्हणाली. "त्याइच्या समोर पोरगी असंच बोलली तं?"

"तं दादाचं नाव जाईल," सुनिल म्हणाला.

"अन् तुह्या फोटोचं काय होईल?" हेमराज म्हणाला.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. दिवाळीपासून त्यांनी एकमेकांकडे असं नीट पाहिलं नव्हतं. मग सुनिलनं मांडीवरची चिवड्याची ताटली उचलली आणि हलकेच थोरल्याच्या पुढे सरकवली. हेमराजनं एक मूठ घेतली.

त्यानंतरचं सगळं फार सुरळीत झालं. दिव्यानीचा अर्ज बाद करायचा. आदेश बिनविरोध. अध्यक्षपद आधी हेमराजनं घ्यायचं, मग सुनिलला द्यायचं. रश्मीनं पदर सावरत ज्योत्स्नाला "ताई" म्हटलं आणि उद्याच्या स्वयंपाकाला मदतीला येऊ का, असंही विचारलं. म्हातारे तृप्त होऊन ऐकत होते.

"कोणत्या कारणानं बाद करू?" ज्योत्स्नानं विचारलं.

"ती मुख्याध्यापकाची पोरगी आहे," सुनिल म्हणाला. "लोक म्हणतीन, पक्षपात झाला."

"मंग आदेश कोणाचा आहे, भाऊजी? अध्यक्षाचाच नातू ना?"

"वहिनी, तुमी कायद्याचं सांगू नोका. निर्णय अधिकाऱ्यानं द्याचा असते. तुमी अधिकारी आहात. अन् निर्णय आमी घेतला."

ज्योत्स्नानं सासऱ्यांकडे पाहिलं. "मामाजी, तुमी काय म्हणता?"

"घर एक झालं ना," म्हातारे म्हणाले. "बस."

आणि ज्योत्स्नानं मान डोलावली. तिलाही ती खुर्ची नवऱ्याकडे यावी असं वाटत होतं. दिव्यानी डॉक्टर व्हावी, नागपूरच्या शिकवणीला जावी, सरपंच-मुख्यमंत्री असल्या भानगडींत पडू नये, असंही वाटत होतं. भद्रावतीच्या कॉलनीत, जिथं सगळ्या घरांना एकसारखे नळ होते आणि भोंगा वाजला की पाणी यायचं, तिथं ती वाढली होती. इथं यायचं ते शिकवायला, भांडायला नाही, हे तिनं लग्न होऊन आल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

दिव्यानी धान्याच्या खोलीत पोत्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मम्मी, धड्यात तं असं नव्हतं."

"धडा परीक्षेसाठी असतो, बेटा."

"मंग तू वर्गात तसं सांगाचं ना. आमी मन लावून ऐकत होतो."

"तुले डॉक्टर व्हायचं आहे. तिकडे लक्ष दे."

"तुमाले तसं वाटते. मले सरपंच व्हायचं आहे." दिव्यानी सरळ तिच्या डोळ्यांत पाहत होती. "काकासारखी नाई. खरीची."

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात गेली, आणि तिथं दाराशी आदेश उभा होता. त्याचे हात ग्रीसनं काळे होते. घरातली बिघडलेली मोटार, मिक्सर, सायकल, सगळं त्याच्याकडेच यायचं.

"मोठीआई, मले नाई पाह्यजे हे मुख्यमंत्री-गिख्यमंत्री."

"मग काय पाह्यजे?"

"आयटीआय. पण पप्पाले मी आमदार पाह्यजे." तो थोडा थांबला. "दिव्यानी कुठी आहे?"

"धान्याच्या खोलीत."

तो तिकडे गेला. बऱ्याच वेळानं ज्योत्स्ना पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाजूनं गेली, तेव्हा दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत होती. समजूत काढत असेल, असं वाटून तिला बरं वाटलं. घर खरंच एक झालं, असं मनात येऊन ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परिपाठाला निर्णय वाचून दाखवला. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. बिरजूनं शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे समोसे बंद?"

तालुक्याच्या शिक्षण विस्तार अधिकारी मॅडम आल्या तेव्हा मैदानात भावी भारत रांगेत उभा होता. डॉक्टरच डॉक्टर. गुडघ्याखाली येणारे कोट, छातीवर लोंबणाऱ्या नळ्या. पायलटच्या टोपीत लालसू बुडाला होता. वसतिगृहात राहणारा, भामरागडकडचा तो पोरगा डोकं मागं टाकून, टोपीच्या काठाखालून जग बघत होता. व्यासपीठावर म्हातारे मधल्या खुर्चीत, दोन बाजूंना दोन पोरं. हेमराजनं प्रास्ताविकात सांगितलं, की ही शाळा केवळ नोकरदार नव्हे, तर जबाबदार नागरिक घडवते. सुनिलनं पंचायतीनं शाळेला दिलेल्या सुविधा सांगितल्या. नळाचा उल्लेख त्यानं 'पाणीपुरवठा विभाग' असा मोघम केला.

मग आदेशचा शपथविधी झाला. मुख्यमंत्र्याला साजेसं दुसरं काही नसल्यामुळं त्याला प्रधानजींचा अंगरखा आणि पगडी घातली होती. शपथ त्यानं न अडखळता घेतली. रश्मीनं डोळे पुसले, सुनिलनं मोबाइलवर फोटो काढला. टाळ्या चालू असताना मॅडम ज्योत्स्नाकडे झुकून म्हणाल्या, "स्वच्छतागृह कुठे आहे हो?"

ज्योत्स्नानं हेमराजकडे पाहिलं. हेमराजनं तत्परतेनं खिशातून किल्ली काढली. सकाळीच तिथं दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं, साबणाची नवी वडीही होती. मॅडम गेल्या. ज्योत्स्ना सूत्रसंचालनाचा माइक हातात धरून उभी राहिली.

तेवढ्यात आदेशनं व्यासपीठावरचा दुसरा माइक उचलला.

"मंत्रिमंडळाचा पहिला निर्णय," तो म्हणाला. पगडी त्याच्या कपाळावर घसरली होती. "मंत्रिमंडळात पाणीपुरवठा मंत्री म्हणून दिव्यानी नाकतोडे यांची नेमणूक केली आहे. मंत्र्याले सहा महिने निवडून या लागत नाई, मुख्यमंत्री नेमते. पुस्तकात आहे. आता त्या सांगतीन तसं करा."

मैदानातून दिव्यानी उठली. तिनं हात वर केला, बस्स. पुढच्या रांगेतून पिंकी उठली, तिच्या मागं दुसरी, तिसरी. पांढऱ्या कोटांतल्या, खाकी टोप्यांतल्या, नऊवारीतल्या, साध्या गणवेशातल्या मुली एकही शब्द न बोलता स्वच्छतागृहाच्या दाराशी रांग लावू लागल्या. दुसऱ्या बाजूनं पोरं बादल्या घेऊन रस्त्यापलीकडच्या हातपंपाकडे पळाली. सर्वांत पुढे लालसू होता. टोपी त्यानं बादलीत टाकली होती.

मॅडम बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. रांग मैदानाच्या टोकापर्यंत गेली होती आणि कमानीशी वळत होती.

"हे काय? कार्यक्रमाचा भाग आहे का?"

पहिली उभी असलेली पिंकी म्हणाली, "नाई मॅडम. आज कुलूप उघडं असते, म्हणून."

"आज म्हणजे?"

"तुमी येता त्या दिवशी."

मॅडमनी कडीला लटकणाऱ्या कुलपाकडे पाहिलं. मग रांगेकडे, मग लांबवर व्यासपीठाकडे. कुलूप काढून त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकलं आणि पिंकीसाठी दार धरून उभ्या राहिल्या.

व्यासपीठावर गडबड उडाली. "कोणी शिकवलं हे पोट्ट्याइले?" सुनिल दात चावत विचारत होता. हेमराज ज्योत्स्नाला हातवारे करत होता, की काहीतरी बोल, सांभाळून घे, सांग की हे नाटुकलं आहे. रश्मी आदेशला खाली ओढत होती आणि आदेश अंगरखा सावरत माइक सोडत नव्हता.

"तुमी दोघं मिळूनही एक संडास लपवू शकले नाई," म्हातारे दोन्ही पोरांकडे आळीपाळीनं बघत म्हणाले. "अन् तुमाले मी संस्था देऊ? मी आणखी पाच-सात वर्षं मरत नाई. खुर्ची मायाजवळच रायते."

सुनिलनं मोबाइल कानाला लावला. "डोमा, पाइप घेऊन ये. हो, आत्ता. मिस्त्रीलेही आण... नाई, फोटोवाला नको."

ज्योत्स्नाच्या हातात माइक होता. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं तो तोंडाशी नेला. बोलायचं बरंच होतं, पण त्यातलं बरंचसं ती वर्गात आधीच बोलून बसली होती आणि पोरांनी ते ऐकलंही होतं.

"सप्ताहाचा समाजजीवन हा भाग सुरू झालेला आहे," ती म्हणाली. माइक तिनं हेमराजच्या मांडीवर ठेवला आणि पायऱ्या उतरली.

मागच्या कुंपणापलीकडे तिचं घर होतं. फाटक उघडंच होतं. ती त्या बाजूला वळली नाही. मैदान ओलांडून, कमानीपर्यंत जाऊन ती रांगेच्या शेवटी उभी राहिली. बरीच पुढे, बादल्यांच्या घोळक्यात, दिव्यानी पोरांना दरडावत होती, की पाणी सांडू नका. तिनं मागं वळून पाहिलं. आई दिसली तेव्हा तिचं बोलणं मध्येच तुटलं.

ज्योत्स्नाच्या पुढे पाचवीतली एक चिमुरडी होती. डॉक्टरच्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. ज्योत्स्नाला मागं पाहून ती घाबरली आणि घाईघाईनं बाजूला झाली.

"मॅडम, तुमी जा ना समोर."

"नाई वो बाई," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिला खांद्याला धरून परत जागेवर उभं केलं. "रांगेनं जाऊ."